लॅपटॉप सुरू व्हायला सहा-सात मिनिटं, डिस्क सतत १०० टक्के. फुकटात काय करता येईल?

वेलांटी

नमस्कार मंडळी. डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या) कामाचा लॅपटॉप आहे: इंटेल आय३ ७०२०यू, रॅम ४ जीबी, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १० होम सिंगल लँग्वेज. बटण दाबल्यापासून माउस हाताला लागेपर्यंत सहा-सात मिनिटं जातात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर लालभडक, सीपीयू मात्र १५-२० टक्क्यांच्या वर जात नाही. कोरलड्रॉ उघडायला ठेवून चहा करून यावं अशी गत. शिवाय पेजमेकर ७ (पानं जुळवायला), श्रीलिपी (मराठी टायपिंग आणि फॉन्टचं सॉफ्टवेअर) आणि क्रोम. सी ड्राइव्हवर ९ जीबी शिल्लक.

दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. व्हिडिओवाले सांगतात रजिस्ट्री साफ करा, प्रीफेच उडवा, व्हर्च्युअल मेमरी वाढवा. यातलं खरं किती? शक्यतो फुकटात भागवायचं आहे. अगदीच गरज असेल तर थोडा खर्च चालेल, पण नेमकं काय घ्यायचं ते सांगा. नवीन लॅपटॉप सध्या नको.

पेचकस

तुम्ही दोन्ही आकडे दिलेत ते बरं केलंत. सीपीयू निवांत आणि डिस्क १०० टक्के, म्हणजे प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट बघत बसलाय. हे फॉरमॅटने पंधरा दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच.

कारण साधं आहे. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे घेते. एक फेरा ११ मिलिसेकंदांचा, म्हणजे हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी साडेपाच. सुई त्या पट्ट्यावर नेऊन ठेवायला आणखी दहा-बारा. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या फायली वाचायच्या तर सेकंदाला साठेक वाचनं, बस्स. विंडोज सुरू होताना अशी हजारो वाचनं लागतात. त्यातून रॅम ४ जीबी. विंडोज १० स्वतःच दोन-अडीच खातं, क्रोम उघडलं की रॅम संपते आणि उरलेला माल विंडोज त्याच डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये (रॅमची भर म्हणून वापरायच्या फायलीत) ढकलतं. एकाच खिडकीवर दोन रांगा.

काहीही उडवण्याआधी एक काम करा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उतरवा. पोर्टेबल झिप घ्या, इन्स्टॉल करावं लागत नाही. वर डावीकडे निळ्या चौकोनात ‘गुड’ दिसतं की पिवळ्यात ‘कॉशन’, ते बघा. खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींचे शेवटच्या रकान्यातले आकडे इथे टाका. डिस्क आजारी असेल तर खालचं सगळं फिजूल आहे.

डिस्क ठणठणीत निघाली तर मी या क्रमाने जाईन:

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर, त्यात स्टार्टअप टॅब. ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’मध्ये ‘हाय’ लिहिलेलं जे जे रोज सकाळी लागत नाही ते डिसेबल. प्रिंटरचे अपडेटर, मीटिंगची अ‍ॅप, गाण्यांची अ‍ॅप, गेमचे लाँचर बेधडक बंद करा. टचपॅड, साउंड आणि श्रीलिपीचा कीबोर्ड यांना हात लावू नका. या टॅबमध्ये सगळं दिसत नाही. शेड्यूल्ड टास्क आणि सर्व्हिसमध्ये लपलेलं बघायचं तर मायक्रोसॉफ्टचंच फुकट ‘ऑटोरन्स’ घ्या. त्याच्या ऑप्शन्समध्ये ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ला टिक करा आणि उरलेल्यांपैकी ओळखीच्याच नोंदींची टिक काढा. डिलीट करू नका. टिक काढलेली नोंद परत लावता येते.

क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’खाली क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड अ‍ॅप चालू ठेवण्याचा पर्याय असतो, तो बंद. ‘परफॉर्मन्स’खाली मेमरी सेव्हर चालू. एज वापरत नसलात तरी त्याचा ‘स्टार्टअप बूस्ट’ बंद करा, नाहीतर ते न उघडताही रॅम अडवून बसतं.

सी ड्राइव्हवर निदान १५ टक्के मोकळं हवं. सर्चमध्ये डिस्क क्लीनअप टाइप करा, सी निवडा आणि ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबा. ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ आणि ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ या दोन ओळींतच कित्येक जीबी सुटतात. विंडोज १० च्या काही आवृत्त्यांत याच यादीत डाउनलोड्स फोल्डरही येतो. त्याची टिक आधी तपासा. गिऱ्हाइकांनी मेलवर पाठवलेला सगळा मजकूर तिथेच पडलेला असतो. एवढं करूनही जागा कोण खातंय कळलं नाही तर विझट्री चालवा, मिनिटभरात मोठ्या फायलींची उतरंड समोर येते.

दुपारचा_चहा

एक छोटी गोष्ट. विंडोज १० मध्ये ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू इथे ‘अप टाइम’ बघा. रोज बंद करूनही तिथे पंधरा-वीस दिवस दिसतात. अडकलेले ड्रायव्हर आणि गळकी मेमरी तशीच पुढे चालू राहते. हार्ड डिस्कवर फास्ट स्टार्टअपमुळे सुरुवात लवकर होते, म्हणून ते बंद नका करू. आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करा, त्यात सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

कानामात्रा

डीटीपी म्हणालात, म्हणून विचारतो, फॉन्ट किती आहेत? सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स हा फोल्डर उघडा आणि खाली आकडा बघा. मराठी छपाईच्या यंत्रांवर दोन-तीन हजार फॉन्ट सर्रास सापडतात, कारण प्रत्येक गिऱ्हाईक आपल्या फायलीबरोबर अख्खं फॉन्टचं गाठोडं देतं आणि आपण ते सगळं निवडून ‘इन्स्टॉल’ करतो. कोरल, वर्ड, फोटोशॉप उघडताना ही यादी चाळतात आणि फिरत्या डिस्कवर त्याचे भोग दिसतात. तुमचा चहा तिथेच होतोय.

उपाय फुकट आहे. नेक्ससफॉन्ट किंवा फॉन्टबेस घ्या. सगळे गिऱ्हाइकी फॉन्ट डी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये कॉपी करा, प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा उपफोल्डर. मग विंडोजच्या फॉन्ट्समधून ते काढा. नेक्ससफॉन्ट चालू असताना हवा तो संच त्यातून तात्पुरता वापरात येतो, नेक्ससफॉन्ट बंद केलं की संचही उतरतो. संच आधी लावा, कोरल मागून उघडा. पेजमेकर तर चालू असताना लावलेला फॉन्ट पुष्कळदा ओळखतच नाही.

काढताना भान ठेवा. सेगोई, एरियल, टाहोमा, निर्मला आणि मंगल यांना हात नाही. निर्मला गेला तर विंडोजमधलं सगळं युनिकोड मराठी बिघडतं. श्रीलिपीचे स्वतःचे फॉन्टही तिच्या इन्स्टॉलरनेच काढा-घाला.

मग फॉन्टचा कॅशे (विंडोजने साठवून ठेवलेली फॉन्टची यादी) नव्याने बनू द्या. सर्व्हिसेसमध्ये ‘विंडोज फॉन्ट कॅशे सर्व्हिस’ थांबवा. विंडोज, सर्व्हिसप्रोफाइल्स, लोकलसर्व्हिस, अ‍ॅपडेटा, लोकल, फॉन्टकॅशे या वाटेवर जे आहे ते पुसा आणि रीस्टार्ट करा. पुढचं एक बूट उलट जास्त हळू होईल, घाबरू नका.

आणखी एक. ‘अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ करा असं कुणीतरी सांगेलच. करा, पण त्या यादीतली ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ ही टिक परत लावा. ती नसली तर रफार आणि वेलांट्या स्क्रीनवर तुटक दिसतात, आणि प्रूफ वाचणाऱ्याचे डोळे जातात. ‘शो थंबनेल्स’ही राहू द्या, चित्रं शोधायला लागतात.

निरुपद्रवी

व्हिडिओवाल्यांच्या नुस्ख्यांबद्दल.

रजिस्ट्री क्लीनर: नको. रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगची वही. तिच्यात लाखो नोंदी असतात, त्यातल्या पाचशे पुसून वेग वाढत नाही. चुकीची एक पुसली तर एखादं जुनं सॉफ्टवेअर उघडणं बंद होतं, आणि पेजमेकरसारख्या २००१ च्या सॉफ्टवेअरला ते परवडणारं नाही. मायक्रोसॉफ्टही असल्या साधनांची जबाबदारी घेत नाही. टेम्प फायली काढायच्याच असतील तर डिस्क क्लीनअप पुरे, नाहीतर ब्लीचबिट आहे. सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत २०१७ साली थेट उत्पादकाच्या सर्व्हरवरूनच व्हायरस घुसला होता. सफाईच्या सॉफ्टवेअरला आपण यंत्राच्या सगळ्या किल्ल्या देतो, हे लक्षात असू द्या.

प्रीफेच उडवणे: उलटा परिणाम. कुठलं सॉफ्टवेअर उघडताना कोणत्या फायली लागतात याची टिपणं त्यात असतात. ती पुसली की विंडोज पुन्हा पहिल्यापासून शिकतं.

व्हर्च्युअल मेमरी (म्हणजे तीच पेजफाइल): ‘सिस्टिम मॅनेज्ड’वर सोडा. आकडा वाढवून रॅम वाढत नाही. आणि ४ जीबीवर ती बंद केलीत तर कोरल मध्येच कोसळेल.

रॅम बूस्टर: हे रॅममधला माल जबरदस्तीने पेजफाइलमध्ये हाकलतात आणि ‘मोकळी’ रॅम दाखवून टाळ्या घेतात. पुढच्या क्लिकला तोच माल डिस्कवरून परत आणावा लागतो.

डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणे): फिरत्या डिस्कवर उपयोगी, पण विंडोज ते आठवड्याला आपणहून करतं. एसएसडीवर (न फिरणाऱ्या, चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्कवर) मात्र डीफ्रॅगची जुनी सॉफ्टवेअर चालवू नका.

‘सिसमेन’ सर्व्हिस (नेहमीची सॉफ्टवेअर आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी) बंद करा असंही सांगतात. डिस्क १०० टक्के असताना तासभर ‘स्टॉप’ करून बघा. फरक पडला तर डिसेबल, नाहीतर परत चालू. विंडोज सर्चचं इंडेक्सिंग पूर्ण बंद करण्याऐवजी इंडेक्सिंग ऑप्शन्समधून कामाचे मोठे फोल्डर वगळा.

अँटिव्हायरस दोन असतील तर एक काढा. मुदत संपलेला आधी, आणि तोही त्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने. डिफेंडर तुमच्या कामाला पुरेसा आहे. कुठलं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून टाकलं असेल तर अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर आणि मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती एकदा फिरवा. पंखा घोंघावतोय आणि टास्क मॅनेजर उघडल्याबरोबर शांत होतो, असं असेल तर आत मायनर (तुमच्या यंत्रावर चोरून क्रिप्टो नाणी कमावणारा प्रोग्रॅम) बसल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

वेलांटी

सगळ्यांचे आभार. फॉन्ट २,१४० निघाले. अप टाइम २३ दिवस. स्टार्टअपमधल्या अकरा गोष्टी बंद केल्या.

क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळं ‘कॉशन’ दाखवतंय. ०५ मध्ये शून्य. सी५ मध्ये बरीच शून्यं आणि शेवटी १८. सी६ मध्ये २. घाबरायचं का? चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवू का?

पेचकस

चेकडिस्क आत्ता अजिबात नको. स्टार्टअप, फॉन्ट, सगळं थांबवा आणि आधी बॅकअप.

ते १८ म्हणजे अठरा नव्हे. क्रिस्टलडिस्कइन्फो आकडे सोळाच्या पायावर दाखवतं, म्हणजे तुमचे २४ झाले. फंक्शन, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे ‘१० डेक’ निवडलंत तर नेहमीचे आकडे दिसतील. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. अशा एकेका सेक्टरपाशी डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत कित्येक सेकंद अडकते आणि तेवढा वेळ विंडोज गोठतं. तुमच्या सहा-सात मिनिटांतला मोठा वाटा हाच असणार. ०५ शून्य आहे याचा अर्थ बदली सेक्टर अजून दिलेच गेलेले नाहीत.

चेकडिस्कला ‘आर’ जोडून चालवलं की ते पूर्ण डिस्क शेवटच्या टोकापर्यंत वाचत जातं. १ टीबीला ते तासन् तास चालतं आणि मरणाऱ्या डिस्कवर तेच शेवटचं ओझं ठरू शकतं.

बॅकअपचा क्रम: चालू कामं, गिऱ्हाइकांच्या फायली, फॉन्ट, मग मेल आणि बुकमार्क, फोटो सर्वांत शेवटी. बाहेरच्या डिस्कवर फोल्डरवार कॉपी करा, सगळं एकदम ओढू नका. एखाद्या फायलीवर कॉपी अडकली तर ‘स्किप’ करून पुढे जा, तिच्यामागे नंतर लागा.

यापुढे फुकटात भागणार नाही. पण खर्च फक्त एसएसडीचा, आणि जमलं तर रॅमचा.

पेंग्विनकाका

एसएसडी टाकणारच आहात तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बघा. किमान गरज २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा, ४ जीबीवर आरामात चालते. पेनड्राइव्हवरून न बसवता चालवून बघता येते. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, लिब्रेऑफिसमध्ये युनिकोड मराठी छान उमटतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय हेही धरा.

कानामात्रा

काका, घरातल्या दुसऱ्या कामांना उत्तम. पण वेलांटींची रोजीरोटी कोरल, पेजमेकर आणि श्रीलिपीवर आहे. यातलं एकही लिनक्सवर धड चालत नाही, डोंगलचं (सॉफ्टवेअरचा परवाना ठेवणाऱ्या, संगणकाला लावायच्या किल्लीचं) तर विचारूच नका. गिऱ्हाईक जुन्या फॉन्टमधली फाइल पाठवतं तेव्हा युनिकोडचं कौतुक कामाला येत नाही.

पेंग्विनकाका

मान्य. पण तोच पेनड्राइव्ह बॅकअपला कामाला येईल. विंडोज गोठत असेल तर मिंट पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि फायली तिथून कॉपी करा. त्यामुळे आजारी डिस्कवर विंडोजचं स्वतःचं वाचन-लेखन होत नाही. फक्त त्याआधी विंडोजमध्ये शिफ्ट दाबून शट डाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे तो ड्राइव्ह अर्धवट झोपेत राहतो आणि लिनक्स तो नीट उघडू देत नाही.

वेलांटी

बॅकअप चालू केलाय. तीन-चार फायली अडल्या, त्या सोडल्या. आता एसएसडी कुठली, रॅम कुठली? जुन्या डिस्कची नक्कल एसएसडीवर करता येईल का? आणि विंडोज ११?

पेचकस

विंडोज ११ नाही. तुमचा प्रोसेसर सातव्या पिढीचा, मायक्रोसॉफ्टची इंटेलची यादी जवळजवळ आठव्यापासून सुरू होते. आडवाटेने बसवता येतं, पण कामाच्या यंत्रावर मी सुचवणार नाही. विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीला घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल’ची लिंक दिसेल. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत.

नक्कल नको. क्लोनझिला फुकट आहे आणि निरोगी डिस्कवर उत्तम चालतं, पण न वाचता येणारा सेक्टर आला की थांबतं. ‘रेस्क्यू’ पर्यायाने पुढे ढकलता येतं, मात्र मग विंडोजची कुठली फाइल फाटकी आली ते कळायला मार्ग नाही. नव्याने विंडोज बसवा.

एसएसडी २.५ इंची साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची), २४० किंवा २५६ जीबी. कामाच्या फायली जास्त असतील तर ५००. तुमच्या बोर्डवर एम.२ ची (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची) खाच असेलही, पण तिला साटा लागते की एनव्हीएमई हे मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय तसली घेऊ नका. दोन्ही जवळपास सारख्या दिसतात आणि चुकीची बसली तरी चालत नाही. २.५ इंची बिनधोक. ती ७ मिलिमीटर जाडीची असते. जुनी डिस्क ९.५ ची असली तर नवीन जरा ढिली बसेल, तिची पत्र्याची चौकट आणि चारही स्क्रू आठवणीने काढून नवीनला लावा.

रॅमआधी सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. ‘मेमरी’ टॅबमध्ये डीडीआर३ की डीडीआर४ ते बघा, या प्रोसेसरबरोबर दोन्ही येतात. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २’ असेल तर दुसऱ्यात ४ किंवा ८ जीबीची लॅपटॉपची पट्टी टाका. डीडीआर४ मध्ये २६६६ ची मिळाली तरी चालेल, ती या प्रोसेसरवर २१३३ नेच धावते. डीडीआर३ निघाली तर पट्टीवर ‘३एल’, म्हणजे १.३५ व्होल्ट लिहिलेलंच हवं. पैसे एकालाच पुरत असतील तर आधी एसएसडी.

विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह. लॅपटॉपबरोबर मूळ विंडोज आलं असेल तर की टाकावी लागत नाही, ती बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या चिपमध्ये) असते. कुठली आवृत्ती विचारलंच तर ‘होम सिंगल लँग्वेज’ निवडा. नुसतं ‘होम’ बसवलंत तर अ‍ॅक्टिव्हेशन अडतं, आणि मग लोक उगाच की शोधत फिरतात. मागचं झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची पट्टी सोडवा. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, कागदावर झाकणाचा आकार काढून त्यातच ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर वरून कीबोर्डपाशी फुगवटा येतो.

निरुपद्रवी

पेचकस यांच्या यादीत एक भर. उघडताच आहात तर पंख्याच्या जाळीतली धूळ ब्रशने काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून. नंतर टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग बघा. २.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर कामाच्या वेळीही ०.४ किंवा ०.८ वरच अडकलेला दिसला तर आधी चार्जर बदलून बघा. काही लॅपटॉपना चार्जरची ओळख पटली नाही की ते स्वतःहून वेग पाडतात, मग एसएसडी कितीही भारी असो.

कानामात्रा

आणि जुनी डिस्क काढण्याआधी श्रीलिपीची मूळ सीडी, डोंगलचा ड्रायव्हर आणि कोरलचा सिरियल नंबर हाताशी आहे का ते बघा. नव्या विंडोजवर आधी ड्रायव्हर, मग डोंगल लावायचा. उलट केलं तर काही डोंगल ‘अननोन डिव्हाइस’ होऊन बसतात. २,१४० फॉन्ट मात्र परत इन्स्टॉल करू नका हो. नेक्ससफॉन्टमध्येच राहू द्या.